हायब्रीड आहे म्हणून काय झालं?

मराठीत ‘हायब्रीड’ हा शब्द आता बियाण्यापुरता उरलेला नाही. मेसची भाजी पचपचीत लागली की ती हायब्रीड. टोमॅटोला चव नाही, म्हणजे तोही हायब्रीड. आपण तिसऱ्या मजल्यावर चढताना धापा टाकायला लागलो की आजोबा मंडळींचं निदान ठरलेलं असतं : ‘हायब्रीड खाऊन वाढलेली पोरं, दुसरं काय होणार!’ उलट ‘गावरान’ म्हटलं की सगळं आपोआप खरं, कसदार आणि शुद्ध. हा हिशेब इतका अंगवळणी पडलाय की कुणी तो तपासूनही बघत नाही.

मी हडपसरला राहतो. आमच्या घराच्या गॅलरीत घटपर्णीच्या तीन कुंड्या आहेत. घटपर्णी म्हणजे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कीटकभक्षी वनस्पती’ म्हणून जिचं चित्र असायचं आणि परीक्षेत एक मार्काला जी यायची, तीच. शास्त्रीय नाव नेपेन्थिस. यातल्या दोन ‘व्हेंट्राटा’ जातीच्या आणि एक ‘मिरांडा’. तिन्ही संकरित, म्हणजे शुद्ध मराठीत हायब्रीड! घरी येणारा प्रत्येक जण दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, ‘डास खातं का रे?’ आणि दुसरा, ‘ओरिजिनल आहे का हायब्रीड?’ हायब्रीड म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदाची नीट देऊन टाकावीत, म्हणून हा लेख. माझं म्हणणं अगदी सरळ आहे : घरात किंवा हॉस्टेलवर घटपर्णी लावायची असेल तर ती हायब्रीडच असावी. तिथं ‘ओरिजिनल’चा हट्ट धरणं हे झाडाच्याही वाईटाचं आहे आणि आपल्याही.

आधी झाडाची थोडी ओळख करून देतो. घटपर्णीचा तो लांबट घडा म्हणजे फूल नव्हे. पानाचं टोक लांबत जातं, त्याचा तणावा होतो आणि तणाव्याच्या शेवटी हा घडा फुगतो. घड्यावर झाकण असतं, पण ते उघडझाप करत नाही. ‘किडा बसला की खटकन मिटतं’ असं जे आपण ऐकतो, ते व्हीनस फ्लायट्रॅप या वेगळ्याच झाडाबद्दल. घटपर्णीचं झाकण पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून असतं. खरी करामत आहे घड्याच्या काठात. काठावर सूक्ष्म खाचा असतात आणि दमट हवेत त्यांच्यात पाण्याचा पातळ थर धरला जातो. मुंगी मधाच्या आशेनं काठावर येते आणि पावसात गुळगुळीत टायरची गाडी रस्त्यावरून घसरावी तशी घसरून आत पडते. आत पाचक रस असतो. ही घसरगुंडी कशी चालते, ते २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. पुढे २०११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जोआना आयझेनबर्ग यांच्या गटानं याच कल्पनेवरून असा पृष्ठभाग तयार केला, की ज्यावर ना पाणी टिकतं ना तेल. बर्फ चिकटू नये, नळीत रक्त गोठू नये अशा कामांसाठी त्यावर पुढे प्रयोग झाले. म्हणजे सरफेस इंजिनिअरिंगचा एक धडा आपल्या गॅलरीत टांगलेला आहे आणि आपण विचारतो काय, तर ‘डास खातं का?’

आता हडपसरचं सांगतो. गाडीतळावरून सोलापूर रस्त्याला लागा. मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन असं जाताना दुतर्फा नर्सऱ्याच नर्सऱ्या दिसतात. पण या रस्त्याची आणखी एक ओळख आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. आज आपण ज्या उसाचा रस पितो तो ऊस दोन वेगळ्या जातींच्या संकरातून आलेला आहे. कोइमतूरच्या केंद्रानं ‘को २०५’ हा असा पहिला संकरित ऊस १९१८ मध्ये लागवडीसाठी दिला. मांजरीलाच १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आपल्याकडची बरीचशी द्राक्षं दुसऱ्याच जातीच्या मुळांवर कलम करून उभी असतात. थोडं पुढं उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था काढली आणि देशी गाईंचा होल्स्टिन, जर्सीशी संकर करण्याचं काम गावोगाव नेलं. म्हणजे सकाळचा चहा घेताना दूध संकरित गाईचं आणि साखर संकरित उसाची. तो चहा फुर्रकन पिऊन वर म्हणायचं, ‘हायब्रीड नको रे बाबा!’

अर्थात, ही नावड हवेतून आलेली नाही, हेही कबूल केलं पाहिजे. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ ही संकरित ज्वारी आली. उत्पादन वाढलं, दुष्काळी वर्षांत तिनं पोटं भरली. पण भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, ताटं बुटकी म्हणून कडबा कमी, आणि काढणीच्या वेळी पाऊस आला की कणसं काळी पडायची. शिवाय सगळ्यात मोठी अडचण म्हणजे घरचं बी ठेवता येत नाही. संकरित पिकाचं बी पुन्हा पेरलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात, म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी दुकान गाठावं लागतं. ही तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही.

पण ही तक्रार घटपर्णीला लागू होते का? इथं आपण भाकरी करणार नाही, कडबा घालणार नाही. बियाचाही प्रश्न नाही, कारण घटपर्णीचा वेल वाढला की त्याची छाटकलमं करता येतात आणि छाटकलम म्हणजे हुबेहूब मूळ झाड. एकदा विकत घेतलेल्या झाडासाठी पुन्हा दुकानात जायची गरज नाही. म्हणजे ‘हायब्रीड’वरचा जो सर्वांत मोठा आक्षेप, तोच इथं गळून पडतो. उरते ती फक्त शब्दाची सवय.

आता मुख्य मुद्दा : हडपसरच्या हवेत जगेल कोण? नेपेन्थिसच्या दीडशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या आग्नेय आशियाच्या. ढोबळमानानं त्यांचे दोन गट पडतात. एक सखल भागातला, त्याला बारा महिने उकाडा आणि दमटपणा लागतो. दुसरा उंच डोंगरातला, त्याला दिवसा सौम्य ऊन आणि रात्री गारवा लागतो. आपलं पुणं दोन्हींच्या दृष्टीनं अडचणीचं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा सखल भागातली झाडं काकडतात. एप्रिल-मेमध्ये तो चाळिशीकडे जातो आणि हवा पापडासारखी कोरडी होते, तेव्हा डोंगरातली झाडं माना टाकतात.

हे किती टोकाचं आहे, त्याचा आपल्या पद्धतीनं हिशेब करू. मे महिन्यातली दुपार धरा : तापमान ३८ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. ३८ अंशाला हवा संपृक्त असेल तर बाष्पदाब साधारण ६.६ किलोपास्कल असतो. त्यातला ८० टक्के मोकळा, म्हणजे हवेची ‘तहान’ ५.३ किलोपास्कल. आता ऑगस्टची सकाळ घ्या : २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता. संपृक्त दाब ३.१७, त्यातला फक्त २० टक्के मोकळा, म्हणजे ०.६३. भागाकार करा. मेमधली हवा ऑगस्टपेक्षा आठपटीहून जास्त जोरानं पानातलं पाणी ओढते! घडा हा पानाचा सगळ्यात नाजूक भाग. तणाव्याच्या टोकाला आलेली कळी फुगण्याआधीच वाळते, ती यामुळं. नर्सरीवाल्यानं फसवलं, झाडाला रोग लागला, नजर लागली, असं काहीही झालेलं नसतं.

इथं हायब्रीड कामाला येतं. ‘व्हेंट्राटा’चे आईबाप म्हणजे फिलिपिन्समधल्या दोन जाती, व्हेंट्रिकोसा आणि अलाटा. एक डोंगरातली, दुसरी सखल भागापासून डोंगरापर्यंत कुठंही वाढणारी. पोराला दोघांचेही गुण मिळाले. थंडी थोडी सोसतं, उकाडाही सोसतं. मेमध्ये आमच्या व्हेंट्राटानं नवे घडे धरणं बंद केलं, जुने वाळले, पण पानं हिरवी राहिली. जूनमध्ये पाऊस लागला की दर नव्या पानाला घडा. मिरांडा थंडीत जरा रुसते, तिला डिसेंबरात रात्री घरात घ्यावं लागतं. तरीही जगते. अशा जागी शुद्ध डोंगरी जात ठेवायची तर एसी, ह्युमिडिफायर आणि दिवे लावून काचेचं कपाट सांभाळावं लागेल. ज्याला परवडतं त्यानं करावं, पण मग त्यानं विजेच्या बिलाबद्दल आणि पर्यावरणाबद्दल एकाच दमात बोलू नये!

पाण्याचाही विचार करा. घटपर्णी मूळची निकस जमिनीतली. तिच्या मुळांना क्षार चालत नाहीत. खडकवासल्याचं पाणी तसं हलकं असतं, पण हडपसरच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये निम्मा उन्हाळा टँकर आणि बोअरवर जातो, आणि आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉईलवर जो पांढरा थर बसतो, तोच कुंडीत बसतो. उपाय दोन. एक, आरओचं शुद्ध पाणी (जे वाया जातं ते नव्हे, त्यात तर क्षार आणखी दाट झालेले असतात). दोन, पावसाचं पाणी. एसीचं पाणी चालेल का, असं बऱ्याच जणांना वाटतं. चालतं, पण पुन्हा आपलाच हिशेब बघा. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू येतो सुमारे ११ अंशांवर. एसीची कॉईलही साधारण तेवढीच गार असते. म्हणजे ज्या महिन्यात पाणी सर्वांत जास्त लागतं, त्याच महिन्यात एसीतून ते जवळजवळ मिळतच नाही. त्यापेक्षा पावसाळ्यातच साठवा. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे गच्चीच्या एका चौरस मीटरवर ७०० लिटर. एका कुंडीला उन्हाळ्यात रोज पाव लिटर धरलं तरी शंभर दिवसांना २५ लिटर पुरे. झाकणाचे दोन कॅन भरले की काम झालं. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्या, गच्ची धुऊन निघू दे.

माती म्हणाल, तर ती नकोच. धुतलेलं कोकोपीट, नारळाच्या सोडणाचे तुकडे, पर्लाइट आणि थोडा लाकडी कोळसा. कोकोपीट दोन-तीनदा चांगल्या पाण्यातून पिळून घ्या, कारण त्यातही मीठ असतं. शेणखत, युरिया, चहाचा चोथा हे आईचं प्रेम तिनं तुळशीवर करावं. हॉस्टेलवाल्यांना खास विनंती : घड्यात मेसमधलं पनीर, अंडं किंवा चिकन टाकून ‘खातं का बघू’ हा प्रयोग करू नका. ते कुसतं आणि घडाही कुसवतं. त्याचं जेवण ते स्वतः बघतं. बहुतेक वेळा मुंग्याच.

आता डासांबद्दल. सगळ्यात जास्त खोटं याच बाबतीत विकलं जातं. ‘डास खाणारं झाड, खोलीत ठेवा, कॉईल लावायची गरज नाही’ असं सांगून विकणारे भेटतात. मी ठामपणे सांगतो, घटपर्णीनं डास कमी होत नाहीत. एखादा पडतो घड्यात, नाही असं नाही. पण तिचं आमिष मधाचं, आणि आपल्याला चावणारी डासाची मादी येते ती आपल्या श्वासाच्या आणि घामाच्या वासावर. गंमत म्हणजे जंगलात काही जातींचे डास घटपर्णीच्या घड्यातल्या पाण्यातच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या तिथंच वाढतात! त्याहून गंभीर गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची. ‘पाणथळ झाड आहे’ म्हणून लोक ताटलीत कायम पाणी ठेवतात. डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं सोसायट्यांतून ताटल्या, टायर, पिंपं तपासत फिरतात आणि नोटिसा देतात, ते उगाच नाही. म्हणजे डास मारायला आणलेलं झाड डासांचा पाळणा व्हायचं! तेव्हा वरून पाणी घाला, ताटली रिकामी ठेवा, आणि झोपताना मच्छरदाणी लावा. झाड आवडतं म्हणून ठेवा. औषध म्हणून ठेवू नका.

आता ‘ओरिजिनल’वाल्यांकडे येतो. भारतात घटपर्णीची एकच जात निसर्गात आढळते, नेपेन्थिस खासियाना. ती फक्त मेघालयाच्या गारो, खासी, जैंतिया डोंगरांत. गारो भाषेत तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. झूम शेती, कोळशाच्या खाणी आणि हौशी लोकांसाठी उपटणारे, या सगळ्यांमुळं ती आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. गारो टेकड्यांत बाघमाराजवळ तिच्यासाठी एक छोटं अभयारण्य राखलंय. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात घटपर्णीच्या फक्त दोन जाती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत : बोर्निओची राजा आणि आपली खासियाना. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही ती संरक्षित वनस्पतींमध्ये आहे. जंगलातून उपटणं, विकणं, इतकंच काय, परवान्याशिवाय लावणंसुद्धा गुन्हा आहे.

हे सगळं सांगायचं कारण आपल्याच हॉस्टेलमधलं आहे. ईशान्येकडचे मित्र सुट्टीत घरी निघाले की आपण त्यांना सहज म्हणतो, ‘येताना एक घटपर्णी घेऊन ये ना यार, ओरिजिनल!’ आपल्यासाठी ती मजेची फर्माईश. पण रेल्वेच्या तीन दिवसांच्या प्रवासात बॅगेत ते झाड घेऊन बसलेला असतो तो. पकडला गेला तर नाव त्याचं लागतं. आणि समजा आणलंच त्यानं, तर डोंगरावर कितीतरी वर्षं वाढलेलं ते झाड आपल्या बोअरच्या पाण्यावर आणि मेच्या उन्हात महिनाभरात खलास होणार. आपल्याला ‘शुद्ध’ झाड हवं म्हणून मित्राला गुन्ह्यात ओढायचं आणि एक दुर्मिळ झाड मारायचं, ही कसली हौस? त्या मित्राला फर्माईश करायचीच तर तिकडच्या लाकाडोंगच्या हळदीची करा. तोही खूश, तुम्हीही खूश.

लांबचं कशाला, आपल्या साताऱ्याच्या कासवर बघा. तिथं ‘सीतेची आसवं’ म्हणून निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो, तीसुद्धा कीटकभक्षीच. तिच्या मुळाशी सूक्ष्म फुगे असतात आणि एका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात ते बारीक जीव आत ओढून घेतात. शेजारीच ‘दवबिंदू’ चिकट थेंब मिरवत उभा असतो. सप्टेंबरात बाइक काढून आपण जातो, फोटोसाठी कातळावरच्या फुलांत बसतो, आणि एखादा महाभाग प्लॅस्टिकच्या ग्लासात दवबिंदू उपटून आणतो. ते कासच्या कातळावरच्या चार बोटं मातीतच जगतं. हडपसरला आणून त्याचं काहीही होत नाही, फक्त मरतं.

हायब्रीड घटपर्णी मात्र कुठल्याही डोंगरावरून उपटलेली नसते. व्हेंट्राटासारख्या जाती प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानं, म्हणजे टिश्यू कल्चरनं, एका झाडापासून लाखोंनी करतात. पुणेकरांना हे तंत्र नवं नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा आणि सहकाऱ्यांनी बाटलीतल्या बांबूला काही महिन्यांत फुलं आणून दाखवली. जो बांबू फुलायला दशकं घेतो, तो! १९९० मध्ये ‘नेचर’नं ते छापलं होतं. तसं बाटलीत वाढलेलं झाड विकत घेतलं तर जंगलातलं एकही झाड कमी होत नाही. माझ्या मते ‘शुद्ध’ या शब्दाचा खरा अर्थ हा असायला हवा : झाड आलं कुठून, ते विचारा, रक्त कुणाचं, ते नंतर.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ओरल्समध्ये सर विचारतात तसं तुम्ही मलाच विचाराल. एक आक्षेप असा की सगळी व्हेंट्राटा एकाच झाडाची नक्कल असली तर त्यात विविधता कुठंय? बरोबर आहे. घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळं एका झाडाच्या लाखो नकला म्हणजे सगळे नर किंवा सगळ्या माद्या. त्यातून वंश वाचत नाही. गॅलरीतली कुंडी म्हणजे संवर्धन नव्हे आणि तसा आव कुणी आणू नये. खासियाना वाचायची तर ती मेघालयातच, तिथल्या लोकांच्या हातूनच वाचेल. आपण फक्त तिच्यावरचं एक ओझं कमी करू शकतो, ते म्हणजे मागणीचं. दुसरा आक्षेप, ‘परदेशी झाडं आणण्यापेक्षा देशी झाडं लावा.’ जमिनीत लावायची असतील तर शंभर टक्के मान्य. कॉलेजच्या आवारात कडुनिंब, करंज, बहावाच लावावा. पण कुंडीतली जागा वेगळी. फक्त एक पथ्य पाळा : कुंडीतलं झाड कंटाळा आला म्हणून कास किंवा मुळशीच्या कातळावर ‘निसर्गात सोडून’ येऊ नका.

मग करायचं काय? माझ्या तीन सूचना आहेत. रेक्टर सरांनीही त्या वाचाव्यात अशी विनंती.

पहिली, हॉस्टेलच्या पूर्वेकडच्या गॅलरीत एक लोखंडी रॅक आणि त्यावर हिरवी नेट एवढी परवानगी मिळावी. सकाळचं ऊन, दुपारची सावली, जवळच आरओचा नळ. एक व्हेंट्राटा आणली की दोन वर्षांत तिच्या छाटकलमांतून मजला भरतो. सीनिअर पास आउट होताना नोट्स देतात, ड्राफ्टर देतात, तशी एक कुंडी द्यावी. मात्र जातीच्या नावाची पट्टी कुंडीवर कायम ठेवा. नाव हरवलं की कशाचा संकर आहे, हे पुन्हा कळणं अवघड असतं.

दुसरी सूचना इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींना. दर वर्षी लाईन फॉलोअर रोबोट बनवून झाला असेल, तर एकदा या रॅकसाठी आर्द्रता मोजून फवारा चालू-बंद करणारा कंट्रोलर करा. वर दिलेला बाष्पदाबाचा हिशेब मायक्रोकंट्रोलरमध्ये चार ओळींत बसतो. प्रोजेक्ट चालला की नाही हे सांगायला एक्स्टर्नलची गरज नाही. मेमध्ये घडा धरला तर चालला!

तिसरी, स्टाफला उद्देशून. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची प्रथा चांगली आहे, पण ‘वेगळं काहीतरी’ म्हणून घटपर्णी देऊ नये. ज्याला पाण्याचं पथ्य माहीत नाही त्याच्या घरी ती महिनाभरही टिकत नाही. पाहुण्यांना तुळस द्या, मोगरा द्या. घटपर्णी ज्याला स्वतःहून हवीशी वाटते, त्यालाच द्यावी.

मे महिन्यात सगळे घडे वाळतील तेव्हा ‘मेलं’ म्हणून कुंडी जिन्याखाली टाकू नका. पानं हिरवी असतील तर पाणी घालत राहा, सावलीत ठेवा आणि जूनची वाट बघा. आणि कुणी विचारलंच, ‘ओरिजिनल आहे का हायब्रीड?’, तर मान वर करून सांगा, ‘हायब्रीड आहे, म्हणूनच जगलंय!’ बघा, पटतंय का. पटलं तर पावसाळ्यात या. छाटकलमं तयार आहेत, कुंडी मात्र आपापली आणायची.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)